सगळं पुसलं, आठवण सोडून

'स्कूबी-डू! मिस्टरी इनकॉर्पोरेटेड' ही बावन्न भागांची मालिका अमेरिकेत ५ एप्रिल २०१३ रोजी संपली, तिच्या शेवटावरचा राग मात्र अजून संपलेला नाही. मालिका आवडीने पाहिलेला माणूस आधी भरभरून कौतुक करतो, पात्रांची नावं भराभर सांगतो आणि मग तोंड वाकडं करतो. म्हणे शेवट फसला. का फसला विचारलं की उत्तरं ठरलेली. शेवटी सगळं पुसून टाकलं, म्हणजे आम्ही जे पाहिलं ते घडलंच नाही, हे एक. आणि भूत नसतं, मुखवट्यामागे माणूस असतो, असं ज्या स्कूबीने शिकवलं त्यानेच शेवटी खराखुरा राक्षस आणून उभा केला, ही फसवणूक झाली, हे दुसरं.

असं बोलणाऱ्यांचा या मालिकेवर जीव असतो, म्हणूनच त्यांच्याशी भांडायला मजा येते. दोन्ही तक्रारी मला चुकीच्या वाटतात. पहिली तर अगदीच.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट फोडूनच. क्रिस्टल कोव्ह हे समुद्राकाठचं गाव. भुताटकीचं गाव म्हणून त्याचा लौकिक आणि पर्यटक येतात तेही त्यासाठीच. फ्रेड, डॅफ्नी, व्हेल्मा आणि शॅगी इथे शाळेत शिकतात, सोबतीला स्कूबी. दर भागात एखादा राक्षस येतो आणि ही मंडळी त्याचा मुखवटा उतरवतात. पण या सगळ्याच्या खाली एक मोठं रहस्य आहे. वीस वर्षांपूर्वी याच गावात, 'मिस्टरी इनकॉर्पोरेटेड' याच नावाचा एक गट होता. चार माणसं आणि एक बोलका पोपट. तो गट गायब झाला. मग एका तबकडीचे विखुरलेले तुकडे, स्पॅनिश लुटारूंचा शापित खजिना, आणि गावाखाली स्फटिकाच्या शवपेटीत कोंडलेली एक दुष्ट शक्ती. शेवटच्या भागात ती सुटते आणि गाव गिळायला लागते. पाचही जण त्या शवपेटीचाच नाश करतात, आणि शक्तीबरोबर तिने पिढ्यान्‌पिढ्या गावात पेरलेलं सारं वाईटही नाहीसं होतं. जग नव्याने मांडलं जातं. मेलेले जिवंत आहेत, बिघडलेले सुधारलेले आहेत. जुनं जग आठवतं ते फक्त या पाचांना.

आधी राक्षसाची तक्रार घेऊ.

तक्रारदारांच्या बाजूने मोठा साक्षीदार आहे, हे मान्य. कार्ल सेगनने १९९५च्या 'द डीमन-हॉन्टेड वर्ल्ड' या पुस्तकात स्कूबीची आठवण काढली आहे. टीव्हीवर जिकडेतिकडे भाबडेपणा पिकत असताना ही एक मुलांची मालिका अद्भुताच्या दाव्यांचा तपास करते आणि साधं, ऐहिक उत्तर शोधते, याचं त्याला कौतुक होतं. सेगनने पाठ थोपटल्यावर त्या सूत्राला तत्त्वाचं वजन आलं, यात नवल नाही.

पण हे सूत्र जन्मलं कसं? साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शनिवार सकाळच्या मारधाडीच्या कार्टून मालिकांविरुद्ध पालकांच्या संघटना उठल्या होत्या. सीबीएसच्या फ्रेड सिल्व्हरमनला सौम्य काहीतरी हवं होतं. हॅना-बार्बेराकडच्या जो रुबी आणि केन स्पिअर्स या लेखकांनी रहस्यकथा रचली, इवाओ ताकामोतोने पात्रं रेखाटली. पहिला आराखडा वाहिनीच्या वरिष्ठांना लहान मुलांसाठी फार भीतिदायक वाटला, तेव्हा घाबरट कुत्र्याला पुढे आणून विनोद वाढवण्यात आला. १३ सप्टेंबर १९६९ला मालिका सुरू झाली. भूत खोटं ठेवण्यामागे विवेकवादाचा झेंडा नव्हता. भीती विकायची होती, पण पालकांची तक्रार येणार नाही इतपतच. पुढे त्यातून विवेकाचा धडा निघाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तो धडा म्हणजे मालिकेने घेतलेली शपथ होती आणि २०१३ साली ती मोडली, हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

मोडायची म्हटली तर ती कधीच मोडून झाली होती. १९८५च्या 'द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू'मध्ये पेटीतून सुटलेली तेरा खरी भुतं होती, आणि तेरावं पकडायला २०१९च्या चित्रपटापर्यंत वाट पाहावी लागली. १९९८च्या 'झॉम्बी आयलंड'मध्ये फ्रेड सवयीने झॉम्बीचा मुखवटा ओढायला जातो आणि हातात काय येतं ते पाहून त्याची बोबडी वळते. १९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं, पुढे स्कूबी हिंदीत बोलू लागला. त्याच्यावर वाढलेल्यांपैकी कितीतरी जणांना 'झॉम्बी आयलंड' पाठ आहे आणि तो त्यांचा लाडका आहे. तिथे चाललं ते इथे का खुपतं?

मराठी प्रेक्षक ही तक्रार करतो तेव्हा तिला एक वेगळी धार असते, आणि ती मला कळते. मालिका संपली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा काळात 'अखेर भूत खरं निघालं' हे कार्टूनमध्येसुद्धा बोचतं. पण दाभोलकरांच्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीचा अनुभव असाही आहे की बुवाचा भांडाफोड झाला म्हणजे काम संपत नाही. हातचलाखी उघडी पडते, वर्तमानपत्रात छापून येते, आणि पुढच्या गुरुवारी दरबार पुन्हा भरतो.

'मिस्टरी इनकॉर्पोरेटेड' नेमकी इथून सुरू होते. जुन्या मालिकेत मुखवटा निघाला की सगळे खूश. इथे मुखवटा निघाला की गावाचं तोंड उतरतं. महापौर आणि शेरीफ या पोरांवर चिडलेले असतात, कारण राक्षस पकडला गेला की धंदा बसतो. व्हेल्माच्या आईवडिलांचं भुताखेतांचं संग्रहालय आहे, आणि त्यांच्या मुलीने ज्या मुखवट्यांचं सोंग उघडं पाडलं तेच तिथे तिकीट लावून दाखवले जातात! १९६९च्या मालिकेचा प्रश्न होता, मुखवट्यामागे कोण? इथला प्रश्न आहे, तिकीट कोण विकतंय आणि घेतंय कोण? एका शेवटच्या भागात खरा राक्षस आला म्हणून ही अधिक कडवी चिकित्सा विसरायची असेल तर विवेकाची आपली व्याख्या फार स्वस्त आहे. शिवाय दर भागातला राक्षस जवळजवळ प्रत्येक वेळी माणूसच निघतो, आणि त्याची कारणंही तीच असतात जी १९६९ साली होती: पैसा, हेवा, जुना अपमान.

विवेकवाद्यांना तक्रार करायचीच असेल तर मी त्यांना बरी जागा दाखवतो. दुष्ट शक्तीच्या कथेत आणलेले निबिरू आणि अनुन्नाकी. बॅबिलोनी पुराणांतली ही नावं झकरिया सिचिनने १९७६पासून परग्रहवासीयांच्या भाकडकथांत वापरली, आणि २०१२च्या जगबुडीच्या हवेत निबिरू नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळणार या अफवेचा खुलासा खुद्द नासाला करावा लागला होता. मालिकेने तो मसाला उचलला. मला तो आळशीपणा वाटला. धारपांच्या भयकादंबऱ्या वाचून वाढलेल्या वाचकाला काळोखातून येणारी अनाम शक्ती पुरते, ती कुठून आली हे सांगावं लागत नाही.

आता मुख्य भांडण. सगळं पुसलं, म्हणून सगळं वाया गेलं.

या रागाचं मूळ टीव्हीच्या जुन्या पापात आहे. १९८६ साली 'डॅलस' या अमेरिकी मालिकेने मेलेला बॉबी आंघोळ करताना दाखवला आणि आधीचा अख्खा हंगाम त्याच्या बायकोला पडलेलं स्वप्न ठरवला. प्रेक्षक चिडले ते योग्यच होतं. नट परत आला म्हणून कथेचा हिशेब फाडून टाकला होता. आपल्याकडच्या मालिकांनीही स्मृतिभ्रंश आणि नवा चेहरा यांच्या जोरावर असे कितीतरी हिशेब फाडले आहेत. तेव्हा पुसण्याचा नुसता वास आला तरी प्रेक्षक सावध होतो.

पण 'डॅलस'मध्ये जे घडलं ते घडलंच नव्हतं, आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागली नाही. इथे ते घडलं आहे, पाच जणांच्या बाबतीत. ते पुसलं गेलेलं नाही, उलट आता त्यांच्याशिवाय ते दुसरं कुणाकडेच नाही.

फ्रेडचंच घ्या. पहिल्या हंगामाच्या अखेरीस त्याला कळतं की ज्याला आपण बाप समजत होतो त्या महापौर जोन्सने आपल्याला तान्हेपणी पळवलं होतं, खऱ्या आईबापांना गावापासून लांब ठेवण्यासाठी. ते खरे आईबाप, ब्रॅड आणि जुडी, दुसऱ्या हंगामात परत येतात. फ्रेड आनंदाने वेडा होतो, आणि मग दिसतं की त्यांना मुलापेक्षा खजिन्याची ओढ जास्त आहे. आता शेवटाकडे पाहा. नव्या जगात ब्रॅड आणि जुडी प्रेमळ आईबाप आहेत, त्यांनीच त्याला लहानाचं मोठं केलं आहे. त्यांच्या डोक्यात मुलाच्या सगळ्या वर्षांच्या आठवणी आहेत. फ्रेडच्या डोक्यात त्यातली एकही नाही. समोर उभी असलेली प्रेमळ माणसं त्याला ओळखतात आणि तो त्यांना ओळखतो ते दगाबाज म्हणून. ज्याने खरोखर वाढवलं, खोटं का होईना, तो माणूस आता त्याचा कुणीच लागत नाही. याला कुणी गोड शेवट म्हणत असेल तर त्याने पडद्यावरचं ऊन पाहिलं, फ्रेडकडे पाहिलं नाही.

व्हेल्मा आणि मार्सीचंही तसंच. मार्सी म्हणजे शाळेत सगळे जिला 'हॉट डॉग वॉटर' म्हणून हिणवतात ती हुशार, कडवट मुलगी. (तिला आवाज दिलाय लिंडा कार्डेलिनीने, २००२ आणि २००४च्या चित्रपटांतल्या व्हेल्माने, ही गंमत माहीत असली की दोघींचे प्रसंग आणखी मजेदार होतात.) आधी शत्रू, मग संशयित, मग या गटातलीच एक, आणि शेवटच्या भागांत इतरांना वाचवण्यासाठी ती जीव देते. नव्या जगात ती जिवंत आहे, व्हेल्माची मैत्रीण आहे. पण तिने काय केलं हे तिला ठाऊक नाही. कृतज्ञता वाटते आणि ती सांगता येत नाही, सांगितली तर समोरचा वेड्यात काढेल, या अवस्थेत व्हेल्माला ठेवून मालिका पुढे निघून जाते. त्यावर व्हायोलिन वाजवत बसत नाही, म्हणून कदाचित प्रेक्षकांना ते जाणवलं नसावं.

प्रेक्षकांच्या अपेक्षेतली विसंगतीही इथे दाखवायला हवी. २०१६च्या फेब्रुवारीत ॲलेक्स हर्शची 'ग्रॅव्हिटी फॉल्स' ही कार्टून मालिका संपली. तिथे खलनायक बिल सायफरला हरवण्यासाठी म्हाताऱ्या स्टॅनची स्मृती पुसावी लागते, आणि काही मिनिटांत, जुन्या फोटोंच्या वहीवरून, ती परत येऊ लागते. तेव्हा ओरड झाली की त्यागाची किंमत वसूल झाली नाही, स्मृती इतक्या लवकर परत यायला नको होती. ती ओरड मला पटते. पण 'ग्रॅव्हिटी फॉल्स'ने किंमत माफ केली असं म्हणणाऱ्या माणसाने 'मिस्टरी इनकॉर्पोरेटेड'कडून तक्रार कशाची करायची? इथे ती किंमत जन्मभर फेडायची आहे. स्टॅनला विसरून सुटता आलं असतं. या पोरांना तेवढीही सूट नाही.

यापेक्षा खरा, जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो क्वचितच कुणी घेतं. मुखवटा काढणं म्हणजे 'हे तू केलंस' असं तोंडावर सांगणं. स्कूबीच्या सूत्राचा कणा तो आहे. गावातलं सगळं वाईट जर त्या गाडलेल्या शक्तीमुळे घडत होतं, तर दोषी कुणीच उरत नाही. मूल पळवणारा महापौर शापित, खजिन्यासाठी मित्रांना विकणारा जुन्या गटातला रिकी ओवेन्स शापित. मग अपराध आणि जबाबदारी यांचं काय?

मी यावर बराच विचार केला, आणि उत्तर मालिकेतच आहे असं मला वाटतं. ही शक्ती गावातल्या प्रत्येकाला सारखीच कुरतडते. आपले पाचही जण त्याच गावात जन्मले, वाढले. पहिल्या हंगामात शॅगी, व्हेल्मा आणि स्कूबी यांच्यात हेव्यादाव्याची जी रडकथा चालते ती अनेकांना कंटाळवाणी वाटली, मलाही वाटली. पण तोच कुरतडण्याचा पुरावा आहे. हंगामाच्या अखेरीस गट फुटतो, जवळजवळ जुन्या गटासारखाच. आणि मग हे पाच जण परत येतात. जुने आले नाहीत. 'नाइटमेअर इन रेड' या भागात, 'ट्विन पीक्स' या मालिकेला उघड सलाम करणाऱ्या लाल खोलीत, त्यांना कळतं की इतिहासात असे किती गट येऊन गेले आणि पोखरले गेले. शक्ती ढकलते, पण पाऊल तुमचं तुम्हीच टाकता. पाच जणांनी ते टाकलं नाही, म्हणजे इतरांना न टाकता आलं असतं. जबाबदारी तिथे शाबूत राहते.

एका ठिकाणी मात्र माझा बचाव लंगडा पडतो. प्रोफेसर पेरिक्लीज. जुन्या गटातला हा पोपट, उडो किअरच्या थंडगार आवाजातला, दोन्ही हंगामांतला सर्वांत भयंकर खलनायक. त्याचा क्रूरपणा चवीचा होता, त्याला त्यात रस होता. तोही नव्या जगात निरुपद्रवी, गोड म्हातारा पक्षी व्हावा हे मला पचत नाही. तक्रारदारांनी या पोपटाला पकडलं असतं तर मी निम्मं भांडण सोडून दिलं असतं.

मुलांसाठी हे फार काळंकुट्ट झालं, असंही कुणी म्हणतं. ज्यांना ग्रिम बंधूंच्या कथा किंवा आजीच्या कहाण्या ठाऊक आहेत त्यांच्याशी यावर वाद नको.

राहिला हार्लन एलिसन. नव्या जगात रहस्यच उरलेलं नाही, गाव सुखी आहे, पाच जण आतून रिकामे आहेत, आणि मग एलिसनचा निरोप येतो. त्याच्या बहुमितीय मेंदूला म्हणे दोन्ही काळरेषा आठवतात, आणि त्याने पोरांना मिस्कॅटॉनिक विद्यापीठात बोलावलं आहे. आकाशातून टपकलेला तारणहार, अशी टीका झाली. पण विज्ञानकथाकार एलिसन, स्वतःच्याच आवाजात, पहिल्या हंगामातच येऊन गेला होता, एच. पी. हेटक्राफ्ट नावाच्या भयकथाकाराच्या भागात. पेरलेलं उगवलं तर टपकलं कसं म्हणायचं? शिवाय आपल्या मेंदूबद्दल एलिसनचं मत किती उंच होतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना तो विनोद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग पाचही जण गाडीत बसून निघतात, वाटेत लागतील ती रहस्यं सोडवत. म्हणजे पुन्हा १९६९, फिरून शून्य, असं नाक मुरडलं जातं. पण १९६९ साली या पोरांना घरदार, आईबाप, गाव काहीच नव्हतं, आणि ते का नाही असं कुणी विचारलंही नव्हतं. गाडी होती आणि रस्ता होता. या मालिकेने त्या रिकाम्या जागेला कारण दिलं. ही मुलं घरी थांबत नाहीत, कारण घर आहे पण ते त्यांच्या आठवणीतलं नाही. शॅगीच्या वडिलांना आवाज केसी केसमचा, म्हणजे १९६९च्या शॅगीचा. फ्रेडचा आवाज तेव्हाही आणि आताही फ्रँक वेल्करचा. निर्माते जुन्या मालिकेशी नातं जोडायला कुठेही लाजलेले नाहीत.

शेवट याहून वेगळा काय करायचा होता, हे तक्रारदारांनी सांगावं. गाव मेलं आणि पाच जण वाचले? मग तो राक्षस निम्मा जिंकला. पाचांनाही विसर पडला? ते 'डॅलस' झालं. शक्तीचाही मुखवटा निघाला आणि मागे कुणी जमीनदलाल सापडला? बावन्न भागांचा डोंगर पोखरून उंदीर, आणि तोही १९६९चा. मी हे तिन्ही पर्याय पुढे ठेवले की समोरून चौथा येतो, आणि तो नेहमी एकच असतो: तिसरा हंगाम काढायला हवा होता.